रेवड्यांच्या कुस्त्या आणि फुटबॉलची गाळलेली पायरी

चैत्र-वैशाखात नगर जिल्ह्यातल्या गावोगावी यात्रा भरतात आणि दुपार कलली की कुस्त्यांचा हगामा सुरू होतो. हलगी घुमायला लागते, माणसे मातीभोवती कोंडाळे करून बसतात आणि पहिली जोड लागते ती सहा-सात वर्षांच्या पोरांची. जिंकेल त्याच्या ओंजळीत रेवड्या. मग वीस-पन्नास रुपयांच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि अशी चढत चढत दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती. कोण कोणाशी लढणार हे पंच ठरवतात. पोराची मान बघतात, खांदे बघतात, तालीम कोणती ते विचारतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. जन्मदाखला कोणी मागत नाही.

हा अख्खा जिना एकाच मातीत, एकाच दुपारी, सगळ्या गावासमोर उभा असतो. रेवड्या जिंकलेला पोरगा घरी पळत नाही. तो शेवटच्या कुस्तीपर्यंत तिथेच बसून राहतो आणि पुढच्या वर्षी त्याची जोड जरा दांडग्या पोराशी लागते. तालमीत तर रोजच त्याला मोठ्या पैलवानांच्या अंगाखाली जावे लागते. लहान कधी संपले आणि मोठे कधी सुरू झाले, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. २०२५च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीची कुस्ती अहिल्यानगरात, म्हणजे नगरलाच, झाली, तेव्हा गदेसाठी झुंजणाऱ्यांतल्या अनेकांची सुरुवात अशाच कुठल्या तरी यात्रेतल्या रेवड्यांवर झालेली होती.

फुटबॉलचे तसे नाही. हा खेळ भारतात पसरला तो लष्करी छावण्या आणि मिशनच्या शाळांच्या वाटेने. नगरला ही दोन्ही दारे होती. भिंगारची छावणी आहे, मिशनच्या जुन्या शाळा आहेत, १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी सुरू केलेले अहमदनगर महाविद्यालय आहे. खेळ इथे परका नाही आणि पोरांना त्याची आवड नाही असेही नाही. शाळेत फुटबॉल आहे, मोठ्यांच्या खुल्या गटात फुटबॉल आहे. पण या दोहोंच्या मधला जिना तुटलेला आहे. सतराव्या वर्षी शाळेच्या संघाचा कर्णधार असलेला मुलगा एकविसाव्या वर्षी मैदानावर दिसत नाही, आणि त्याचे कोणाला फारसे आश्चर्यही वाटत नाही. तो गेला कुठे, असे कोणी विचारत नाही. या जिल्ह्याच्या फुटबॉलपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे, आणि तो सोडवायला परदेशी प्रशिक्षक किंवा कोट्यवधींचे स्टेडियम लागत नाही. सामने लागतात, आणि ते मोठ्यांबरोबरचे लागतात.

शाळकरी फुटबॉलची रचना आधी पाहू. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. सुब्रोतो चषक १९६० पासून सुरू आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत दिल्लीपर्यंत जाण्याची वाट त्यात आहे. वाट चांगली आहे, फक्त ती बाद पद्धतीची आहे. म्हणजे हरलात की वर्ष संपले.

याचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. सोळा संघांची बाद स्पर्धा भरवली तर एकूण पंधरा सामने होतात. सोळातले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला दोन सामनेही येत नाहीत. त्यातही शालेय सामना नव्वद मिनिटांचा नसतो, बराच आखूड असतो. जून ते मार्च रोज संध्याकाळी घाम गाळणाऱ्या पोराच्या हाती वर्षाकाठी अधिकृत फुटबॉल येतो तो तास-दोन तासांचा. तेच सोळा संघ एकेकदा एकमेकांशी साखळीत खेळले असते, तर प्रत्येकाला पंधरा सामने मिळाले असते. पोहायला शिकवताना वर्षातून दोनदाच विहिरीत उतरवायचे आणि मग नदीत ढकलायचे, असा हा प्रकार आहे.

त्या नदीचे पहिले दर्शन कसे असते, ते खुल्या गटाच्या संघाच्या सरावाला जाऊन पाहावे. बारावीतला एक मुलगा पहिल्यांदा येतो. कडेला बूट बांधतो, टाच उसवलेली, तळव्याखालचे दोन खिळे झिजून सपाट झालेले. मोठे खेळाडू गोल करून उभे आहेत, मध्ये दोघे जण, चेंडू एका स्पर्शात फिरतोय. मुलगा गोलात शिरतो. पहिला पास येतो तो त्याच्या अपेक्षेपेक्षा दुप्पट जोरात. शाळेत चेंडू आला की आधी तो थांबवायचा आणि मग मान वर करायची, ही त्याची सवय. इथे तो थांबवून मान वर करेपर्यंत कोणाचा तरी खांदा बरगडीत बसलेला असतो आणि चेंडू गेलेला असतो. तिसऱ्यांदा असे झाल्यावर कोणी तरी ओरडते, “चेंडू यायच्या आधी बघ की रे!” ओरडणारा बरोबरच असतो. पण चेंडू यायच्या आधी मान वर करणे हे ओरडून येत नाही. ते पन्नास वेळा खांदा खाऊनच येते, आणि तेवढे खांदे खायची संधी त्याला मिळत नाही. पुढचे दोन महिने तो राखीव बाकावर बसतो, पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. चार गोलांनी जिंकत असलेल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटे उतरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर येत नाही.

त्याला दोष देण्याआधी त्याच्या वयाकडे पाहायला हवे. सतरा ते एकवीस ही चार वर्षे नगरच्या पोरासाठी सगळ्यात जास्त ओढाताणीची असतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, म्हणून तोवर घरचे मैदानावर सोडतात. बारावी झाली की ती लालूच संपते. मग कोणी पुण्याला शिकायला जातो, कोणी एमआयडीसीत लागतो आणि गावाकडचा बहुतेक प्रत्येक जण भरतीच्या तयारीला लागतो. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली तेव्हा तिची मूळ वयोमर्यादा होती साडेसतरा ते एकवीस. म्हणजे फुटबॉलपटू कच्चा-पक्का ठरतो नेमकी तीच वर्षे. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक. पहाटे पाचला पाथर्डी किंवा पारनेरच्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यात पळणाऱ्या पोरांचे घोळके दिसतात, त्यांत कालचे कितीतरी विंगर आणि स्टॉपर असतात.

इथे प्रशिक्षकांनी थोडे मन मोठे करायला हवे. खुल्या गटाच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास पळतो, त्यात तीस-चाळीस मीटरच्या जोराच्या धावा वेगळ्या. भरती आणि फुटबॉल ही वैऱ्याची घरे नाहीत. आठवड्यातले तीन दिवस भरतीचा सराव हाच संघाचा सराव धरला आणि दोनच दिवस चेंडूसाठी बोलावले, तर पोरगा दोन्हीकडे टिकतो. ‘फुटबॉल की भरती, काय ते ठरव’ असे सांगितले तर तो भरती ठरवणार, आणि त्याच्या घरची परिस्थिती पाहता त्याने तेच ठरवावे.

सरकारचा पैसा आणि लक्ष कुठे जाते, तेही पाहण्यासारखे आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम केला. गावोगावच्या शाळांत त्या दिवशी चेंडू उसळले. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले पोर आता अठरा-एकोणीस वर्षांचे झाले आहे. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्याच्या ‘महादेवा’ उपक्रमातली मुले-मुली मैदानावर होती. तेरा वर्षांखालील साठ मुला-मुलींना पाच वर्षांची शिष्यवृत्ती, असा तो उपक्रम. चांगलाच आहे. पण तेरात पाच मिळवले की अठरा होतात. ही साठ मुले उद्या ज्या उंबरठ्यावर येऊन थांबणार, तिथे आज नगरची हजारभर मुले उभी आहेत, आणि त्या उंबरठ्यापलीकडे काय आहे यावर कोणी बोलत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या बेबी लीग तर त्याहून लहानांसाठी आहेत. तळाला शिंपण होते, शेंड्याला रोषणाई होते, खोड मात्र कोरडे राहते.

मधली पायरी बांधता येते, हे भारतानेच एकदा करून दाखवले आहे. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताचा संघ अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडून हरला. त्यानंतर त्या मुलांची पांगापांग झाली असती तर ती तिथेच विरली असती. महासंघाने तसे होऊ दिले नाही. ‘इंडियन ॲरोज’ हा आधी बंद पडलेला संघ पुन्हा उभा केला आणि विश्वचषकातल्या मुलांना थेट आय-लीगमध्ये, म्हणजे बाप्यांच्या स्पर्धेत उतरवले. पहिल्याच सामन्यात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले. त्यातले दोन गोल होते अनिकेत जाधवचे. हा कोल्हापूरचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला.

त्या हंगामाच्या शेवटी ॲरोज गुणतक्त्यात तळाला होते. पण त्यांना खालच्या श्रेणीत ढकलण्याचा नियमच नव्हता. शिकणाऱ्याला हरायची मुभा होती. अठरा सामने त्यांनी आपल्याहून दहा-दहा वर्षांनी मोठ्या, कसलेल्या खेळाडूंशी खेळून काढले. अनिकेत पुढे जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. सुरेश वांगजाम, जॅक्सन सिंग, अन्वर अली हे ॲरोजमधून गेलेले खेळाडू भारताच्या मुख्य संघात पोहोचले. २०२२ मध्ये महासंघाने ॲरोज बंद केले. ती चूक होती. अठराव्या वर्षी अठरा सामने, एवढीच त्या प्रयोगाची किमया होती, आणि ती जिल्ह्याच्या पातळीवर आणणे काही अशक्य नाही.

कोल्हापूरला हे कोणी शिकवण्याची गरज पडली नाही. तिथे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ म्हणजे पेठांच्या तालमी आणि मंडळे. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर रंगते आणि गल्लीतले आठ वर्षांचे पोर बापाच्या खांद्यावर बसून आपल्या पेठेचा सामना बघते. बारा वर्षांचे झाल्यावर तेच पोर मोठ्यांच्या बुटांच्या पिशव्या उचलते, पंधराव्या वर्षी त्यांच्या सरावात चेंडू आणून देता देता खेळायला लागते आणि अठराव्या वर्षी त्याच रंगाचा शर्ट घालते. संघ बदलत नाही, माणसे बदलत नाहीत, ओरडणाऱ्याचा आवाजही ओळखीचा असतो. हगाम्यासारखाच हा सलग जिना आहे. अलीकडे तिथेही बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढ लागली आणि त्यापायी पेठेतल्या पोराची जागा जाते, ही तक्रार आहे. ती गंभीरपणे घ्यायला हवी. तरीही कोल्हापूरचा पाया ज्याने घातला ते तत्त्व नगरने उचलावे असेच आहे: लहान आणि मोठा संघ वेगळे नसावेत, ते एकाच घराचे असावेत.

गोव्याने वेगळा मार्ग काढला. १९९९ मध्ये सुरू झालेली सेसा फुटबॉल अकादमी आपल्या कोवळ्या मुलांना गोव्याच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवत आली. समोर नावाजलेले क्लब, अंगापिंडाने भरलेले बचावपटू, आणि इकडे मिसरूड फुटलेली मुले. हरतात, पडतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतात. नवी मुंबईच्या रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीनेही तेच केले आणि २०२२ पासून त्यांनी तरुण खेळाडूंसाठी डेव्हलपमेंट लीग भरवायला सुरुवात केली. सगळ्या शहाण्या जागी एकच निष्कर्ष निघालेला दिसतो. या वयात सामन्याला सरावाचा पर्याय नाही.

पुण्याची कहाणी मात्र उलटी आहे, आणि नगरच्या पोरांसाठी ती जास्त जवळची, कारण हुशार पोराला इथून पुण्यालाच धाडले जायचे. पुणे एफसी २००७ ला आला, त्याची अकादमी देशात नावाजली गेली, आणि दहा वर्षांच्या आत क्लब संपला. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा ठरला. डीएसके शिवाजियन्स थेट लिव्हरपूलशी नाते जोडून उभा राहिला आणि २०१७ नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला. एवढे मोठे क्लब असे विरत गेले, तेव्हा त्यांच्या भरवशावर बसलेल्या जिल्ह्यांतल्या पोरांच्या वाटाही गेल्या. म्हणून मधली पायरी घराजवळ असली पाहिजे. ती दुसऱ्याच्या अंगणात असली की त्याने अंगण विकले की आपला जिना जातो.

आणखी एक गोष्ट हगाम्याचे पंच जाणतात आणि फुटबॉलचे निवडकर्ते विसरतात. मुले एकाच वयात एकाच मापाने वाढत नाहीत. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती सर्वसाधारणपणे चौदाच्या आसपास. पण कोणाची बाराव्या वर्षीच वाढते, कोणाची सोळाव्या. चौदा वर्षांखालील निवड चाचणीत ज्याच्या ओठावर लव आली आहे तो बाजी मारतो, कारण तो वेगवान आणि ताकदवान असतो. शिडशिडीत, चेंडूवर मायेचा हात असल्यासारखा पाय ठेवणारा पोरगा मागे राहतो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले युवा संघांत जास्त आणि शेवटी जन्मलेली कमी, हे युरोपभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी युवा गटात वेगळे राष्ट्रीय संघच काढले, म्हणजे आज लहान दिसतो म्हणून उद्याचा खेळाडू हातचा जाऊ नये. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने सोडून दिले. त्याला स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या गावचा संघ मिळाला, आठवड्याला तीस पौंड मिळाले, आणि २०१६ मध्ये तो लेस्टर सिटीकडून इंग्लंडचा विजेता झाला. त्याच्या गुणांइतकेच श्रेय त्या छोट्या गावच्या संघाला आहे. नगरच्या वार्डीला सोळाव्या वर्षी नाकारले, तर त्याला सामावून घेणारा संघ तालुक्याच्या गावी हवा.

दुखापतींचा प्रश्न याच वळणावर येतो. वाढत्या वयात गुडघ्याखालचे हाड दुखते, घोट्यावर ताण येतो, आणि पोरगा मोठ्यांच्या संघात नाव राहावे म्हणून दुखणे लपवतो. मुलींमध्ये गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. ‘फिफा ११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा सरावक्रम आहे. धावणे, एका पायावर तोल, उड्या, पोटाचे व्यायाम, बस. त्याला वेगळे साहित्य लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे १९०० मुलींच्या अभ्यासात तो तपासला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दुखापती जवळपास एक तृतीयांशाने घटलेल्या आढळल्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने उद्या सकाळपासून सुरू करावी अशी ही गोष्ट आहे.

मुलींसाठी तर मधली पायरी नाहीच, थेट कडा आहे. सुब्रोतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, शाळा मुलींचे संघ हौसेने उतरवतात, आणि बारावीनंतर त्या मुलींना संघच उरत नाही. घरात स्थळांची चर्चा सुरू होते. ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. ज्या राज्याने २०२२ चा महिला आशिया चषक आपल्या तीन शहरांत भरवला, त्या राज्यातल्या जिल्ह्याच्या मुलीला अठराव्या वर्षी खेळायला अकरा जणी मिळू नयेत, हे सहन करण्यासारखे नाही. इथे वयाचे गट गुंडाळून ठेवावेत. सोळा ते तीस अशा सगळ्या जणी, लग्न झालेल्या, नोकरीवाल्या, कॉलेजातल्या, एकाच लीगमध्ये खेळवाव्यात. संघ सात-सात जणींचे असले तरी चालतील. सामना व्हायला हवा.

मग नगरने नेमके काय करावे? आठ खुल्या गटाचे संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे प्रत्येकाला चौदा सामने आणि एकूण छप्पन्न. दोन मैदानांवर दर रविवारी दोन-दोन सामने धरले तर चौदा रविवारांत लीग पूर्ण होते. नियम एकच कडक असावा: प्रत्येक संघाचे दोन खेळाडू वीस वर्षांखालचे, आणि ते पूर्ण वेळ मैदानात. बाकावर नव्हेत. तो नियम आला की मोठे संघ स्वतःहून शाळांच्या मैदानांवर चकरा मारू लागतील, कारण दोन चांगली पोरे नसली तर ते नऊ जणांत खेळल्यासारखे होईल. राहुरीचा, संगमनेरचा, शेवगावचा क्रीडाशिक्षक मग कोणाच्या दारात जाणार नाही, लोक त्याच्याकडे येतील.

लीग केव्हा घ्यायची, याला जिल्ह्याचे हवामानच उत्तर देते. कोल्हापूरचा फुटबॉल पावसाळ्यात थांबतो, कारण तिथे मैदानावर तळे साचते. नगर अवर्षणप्रवण. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जुलै ते सप्टेंबर इथली जमीन भिजून मऊ झालेली असते, पडले तरी गुडघे सोलत नाहीत. उन्हाळ्यातल्या फरशीसारख्या मैदानापेक्षा हा काळ शंभर पटींनी बरा. शालेय स्पर्धा त्याच दिवसांत असतात, पण त्या आठवड्यात होतात, रविवार मोकळा राहतो. बारावीची परीक्षा लांब असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर गाव सोडतात. हिवाळ्यात लीग घेतली तर त्या घरातला अठरा वर्षांचा पोरगा कोयता घेऊन कारखान्याच्या फडात असतो. जुलैच्या पहिल्या रविवारपासून चौदा रविवार मोजले की ऑक्टोबर उजाडतो, दसऱ्याचे दिवस येतात. लीग आणि मुक्काम एकाच सुमाराला संपतात.

सोबत शाळेकडून संघाकडे एक कागद जावा. कोणत्या जागी खेळतो, कोणता पाय चालतो, मागच्या वर्षात उंची किती वाढली, काय दुखले होते, घरून मैदान किती लांब. सध्या शाळा सुटते आणि पाच वर्षांची ही माहिती क्रीडाशिक्षकाच्या डोक्यात राहते, तो बदलून गेला की संपते. अनेक शाळांत ते पदच रिकामे असते. प्रत्येक नव्या पोरासाठी संघातला एक जुना खेळाडू नेमावा, त्याच्याच जागेवर खेळणारा. तालमीत वस्ताद नव्या पठ्ठ्याला जुन्या पैलवानाच्या ओटीत घालतो, तसा. ओरडायचे असेल तर त्यानेच ओरडावे आणि सराव संपल्यावर चहाही त्यानेच पाजावा. शाळेचा संघ आणि मोठ्यांचा संघ, दोन्हीकडून खेळायची मुभा मुलाला एकोणीसपर्यंत असावी, म्हणजे रविवारी मार खाल्लेला पोरगा बुधवारी आपल्या वयाच्यांत कर्णधार होऊन उभा राहील आणि त्याचा जीव मोडणार नाही. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचे नाव एका वेळी एकाच क्लबकडे असते. त्या नोंदीचा उपयोग पोराला अडकवून ठेवायला कोणी करू नये, ही जबाबदारी जिल्ह्याने घ्यावी.

हे करताना भूगोल विसरून चालणार नाही. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे, चौदा तालुक्यांचा. अकोले तालुक्यातल्या पोराला नगरला सामन्यासाठी यायचे तर जाऊन-येऊन दिवस जातो. म्हणून उत्तरेचे सामने संगमनेर किंवा श्रीरामपूरला, दक्षिणेचे नगरला असे दोन भाग करावे लागतील आणि वेळापत्रक आखताना शेजारी एसटीचे वेळापत्रक उघडे ठेवावे लागेल. सामना चारला सुरू झाला तर सहाला संपतो. पोरगा मैदानाच्या चिखलात माखलेले मोजे पिशवीत कोंबतो, नळाखाली पाय धरतो आणि स्टँडकडे पळतो. जामखेडची गाडी लागलेली असते. कंडक्टर त्याच्या गुडघ्यावरची फक्की बघतो आणि विचारतो, “कोण जिंकलं?” पोरगा म्हणतो, “हरलो. पण पूर्ण खेळलो.”